फोन हलका केला, आता नवं संगीत कुठून मिळवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजमाध्यमं, व्हिडिओ, बातम्या, खेळ हे सगळं तुम्ही फोनमधून काढून टाकलंत. शेवटी गाण्यांचं ॲपही काढलंत, कारण एक गाणं लावायला म्हणून फोन हातात घेतला की अर्धा तास कुठे गेला ते कळत नव्हतं. आता डोकं शांत आहे, झोप सुधारली आहे. पण कानावर तीच जुनी गाणी पडताहेत. झाकीर हुसेन यांचा तबला आणि थोडंफार जॅझ एवढंच फिरून फिरून ऐकणं होतंय. नव्यासाठी ॲप परत घेतलं तर बाकीचंही त्याच्या मागोमाग येईल, ही धास्ती आहे. फोन असाच हलका ठेवून नवं संगीत मिळवता येईल का?

येईल. रेडिओसाठी संगीत निवडण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे नवं शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि माझ्या फोनमध्ये स्ट्रीमिंगचं एकही ॲप नाही. शोधणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे एकदा मान्य केलं की तुमची अडचण बरीचशी सुटते. शोधताना माणूस चंचल असावा लागतो: चार गोष्टी उघडून बघायच्या, तीन सोडून द्यायच्या. ऐकताना एका जागी थांबावं लागतं. फोनने ही दोन्ही कामं एकाच पडद्यावर आणली, आणि तिथे नेहमी शोधणंच जिंकतं, कारण पुढचं गाणं अंगठ्याच्या टोकाशी असतं. म्हणून मी असं सांगेन की फोनने शोधू नये. शोध दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी घ्यावा, आणि फोनने फक्त आधी निवडलेलं वाजवावं.

ॲप तुमच्यासाठी नेमकं काय करत होतं ते आधी पाहू, म्हणजे त्याची जागा कशाने भरायची ते कळेल. स्पॉटिफायने २०१५ साली दर सोमवारी प्रत्येकाला ३० गाण्यांची स्वतंत्र यादी द्यायला सुरुवात केली आणि अशा शिफारशींची लोकांना सवय लागली. त्यामागचा मुख्य हिशेब साधा आहे. तुम्ही जी गाणी ऐकता तीच ऐकणारे इतर लोक गोळा करायचे, ते आणखी काय ऐकतात ते बघायचं, आणि त्यातलं तुम्ही न ऐकलेलं तुमच्यापुढे ठेवायचं. जोडीला गाण्याच्या आवाजाचं विश्लेषणही असतं. हा हिशेब बऱ्यापैकी चालतो, त्यातून लोकांना आवडीची गाणी मिळतात, हे खरं आहे.

पण त्याच्या दोन मर्यादा आहेत आणि दोन्ही तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहेत. पहिली अशी की जे फार थोड्या लोकांनी ऐकलं आहे त्याच्याबद्दल यंत्राकडे पुरेशी माहितीच नसते. माहिती नाही म्हणून ते पुढे येत नाही, पुढे येत नाही म्हणून कुणी ऐकत नाही. दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही गाणं मध्येच बदललं की नाही, यावर यंत्राची बरीचशी भिस्त असते. गाणं ३० सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. अशा मोजमापात सगळ्यात फावतं ते न खटकणाऱ्या संगीताचं, जे लागलं आहे हेच आपण विसरून जातो अशा संगीताचं. पहिल्यांदा अनोळखी वाटणारं, दुसऱ्यांदा थोडं उलगडणारं आणि चौथ्या वेळी मनात घर करणारं संगीत या हिशेबात मागे पडतं. माझ्या आयुष्यात टिकून राहिलेलं बरंचसं संगीत याच दुसऱ्या जातीचं आहे. ते मला माणसांकडून मिळालं, आणि ते आवडायला वेळ लागला.

आता फोनबद्दल. तुमचं निम्म्याहून जास्त काम झालेलंच आहे, त्यामुळे जिथून गोष्टी परत शिरतात तेवढ्याच जागा सांगते.

सगळ्यात मोठी फट ब्राउझरची. ॲप काढलं तरी तीच सेवा ब्राउझरमध्ये उघडते आणि पासवर्ड आधीच भरलेला असतो. म्हणून फोनच्या ब्राउझरमधून सगळीकडून लॉग आउट करा आणि साठवलेले पासवर्ड पुसा. ब्राउझर अजिबात बंद करायची गरज नाही. काही पत्ते, काही वेळापत्रकं बघायला तो लागतोच. दुसरी फट ॲप स्टोअरची. आयफोनमध्ये स्क्रीन टाइमच्या सेटिंगमध्ये नवीन ॲप घेण्यावर बंदी घालता येते आणि तिला वेगळा पासकोड देता येतो. तो पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठरवायला सांगा आणि तुम्ही तो विचारूच नका. अँड्रॉइडच्या काही फोनमध्ये प्ले स्टोअर डिसेबल करता येतं, मात्र तसं केलं तर बँकेच्या ॲपचे अपडेटही थांबतात, म्हणून महिन्यातून एकदा ते चालू करून अपडेट घ्यायचे आणि पुन्हा बंद करायचं.

ॲपल आणि गूगल या दोघांनीही २०१८ मध्ये वापराच्या वेळेवर मर्यादा घालण्याची सोय आणली. तिचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मर्यादा संपली तरी ती दोन-चार टॅपमध्ये बाजूला सारता येते, आणि त्याला निर्धार मुळीच लागत नाही. फोन कृष्णधवल करण्याचा सल्लाही बरेच जण देतात. त्याने फोटो आणि नकाशे तेवढे वाईट दिसतात. संगीताच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही, कारण तुम्हाला रंगांनी नाही, पुढच्या गाण्याच्या ओढीने धरून ठेवलेलं असतं. नोटिफिकेशनचा नियम मात्र कडक ठेवा: माणसाने स्वतः केलेला फोन आणि माणसाने स्वतः लिहिलेला निरोप, एवढ्याच गोष्टींना आवाज करायची परवानगी.

दोन गोष्टी काढण्यापूर्वी थांबा. बँक, ईमेल वगैरेसाठी दोन टप्प्यांची पडताळणी करणारं जे ॲप असेल ते उत्साहाच्या भरात उडवू नका. त्यातले कोड दुसरीकडे हलवल्याशिवाय ते काढलं तर स्वतःच्याच खात्याबाहेर अडकून पडाल. आणि गाण्यांच्या सेवेचं खातं अजून बंद केलं नसेल तर आधी तुमच्या याद्या उतरवून घ्या. ॲप काढणं आणि खातं बंद करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खातं गेलं की वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्याही जातात, आणि त्या याद्या तुम्हाला पुढे लागणार आहेत.

गाणं ओळखून नाव सांगणारं ॲप ठेवलं तरी चालेल. शाझमसारखं साधन आपण विचारलं तरच बोलतं, आणि नाव कळलं की त्याचं काम संपतं. फोनमध्ये काय ठेवावं याची माझी कसोटी हीच आहे: काम झाल्यावर ते आपल्याला सोडतं का?

याच कसोटीवर आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय नापास होते. १९४८ साली एलपी ही मोठी तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावायचं. बाजू संपली की सुई उचलायला उठावं लागायचं, आणि उठल्यावर ठरवावं लागायचं की उलटी बाजू लावायची, दुसरं काही लावायचं की पुरे. ऐकण्याला शेवट होता. आज अल्बम संपण्याआधीच ‘असंच आणखी’ रांगेत उभं असतं, आणि शेवटच्या सुरानंतरची शांतता आपल्या वाट्याला येतच नाही. तुम्ही पुढे कोणतंही साधन वापरा, संगणकावरही, ऑटोप्लेचं बटण सगळ्यात आधी बंद करा. अल्बम संपल्यावर शांतता झाली पाहिजे. नव्या संगीताबद्दल आपल्याला काय वाटलं ते त्या शांततेतच कळतं.

वाजवायचं कशावर? घरात पडून असलेला जुना फोन हे उत्तम साधन आहे. तो पूर्ण पुसा, सिम काढा, त्यात फक्त एक साधं प्लेअर ॲप घ्या, मग खात्यातून लॉग आउट करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. व्हीएलसी पुरेसं आहे. एअरप्लेन मोडमध्येही ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं, त्यामुळे हेडफोनची अडचण येत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तो फोन चार्ज करू नका आणि वापरूही नका. जुना फोन नसेल तर वेगळं म्युझिक प्लेअर मिळतं. ॲपलने २०२२ मध्ये आयपॉड बंद केला असला तरी इतर बनावटीचे लहान प्लेअर अजून बनतात. आणि तेही नको असेल तर हाच फोन वापरा, पण त्यात स्वतःच्या फाइल्स ठेवा.

फाइल्स म्हटलं की लोकांना जागेची काळजी वाटते, म्हणून हिशेब देते. एमपीथ्री ही आवाजाची आटोपशीर फाइल; ३२० केबीपीएस या चांगल्या दर्जाची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी घेते. पाऊण तासाचा अल्बम म्हणजे सुमारे १०८ एमबी. ६४ जीबीच्या कार्डावर असे पाचशेहून अधिक अल्बम मावतात, आणि तेवढं संगीत नीट ऐकायला कितीतरी वर्षं लागतील. फ्लॅक या प्रकारात आवाजाचं काहीच गमावलं जात नाही, पण जागा दुपटीहून जास्त लागते. मी घरच्या संगणकावर फ्लॅक ठेवते आणि खिशातल्या प्लेअरवर एमपीथ्री; चालताना, प्रवासात त्यातला फरक ऐकू येत नाही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये केलेलं डाउनलोड ही वेगळी गोष्ट आहे. त्या फाइल्स त्या ॲपबाहेर वाजत नाहीत, आणि स्पॉटिफायसारख्या सेवेत ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. म्हणजे फोन त्या सेवेला बांधलेलाच राहतो.

इथून पुढे मुख्य मुद्दा: शोध.

शोधासाठी आठवड्यातला एक तास ठरवा. संगणकावर किंवा वाचनालयात, हाताशी वही घेऊन. फोन दुसऱ्या खोलीत. या तासात ऐकायचं फार कमी, एखाद-दोन मिनिटांचा नमुना पुरे. या तासाचं फळ म्हणजे वहीतली दोन-तीन नावं आणि प्लेअरवर गेलेला एक अल्बम.

आणि शोध नावांवरून घ्यायचा. ‘यासारखं आणखी’ असं विचारलं की त्यासारखंच मिळतं, पण माणसं एकसारखी नसतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर नावं असतात: वादक, गायक, निर्माता, ध्वनिमुद्रक, कंपनी. त्यातलं एक नाव धरायचं आणि त्या माणसाने आणखी कुणाकुणाबरोबर काम केलं ते बघायचं. इथे मी एक नियम पाळते आणि तो तुम्हीही पाळा: सगळ्यात प्रसिद्ध नाव सोडून दुसरं धरा. प्रसिद्ध नावामागे गेलात तर तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या जागी परत याल. मागे बसून साथ करणारा माणूस दहा वेगवेगळ्या घरांत जाऊन वाजवून आलेला असतो. तो तुम्हाला त्या दहाही घरांत नेतो.

तुमच्याच आवडीवरून करून दाखवते. झाकीर हुसेन यांच्यापासून निघू. सत्तरच्या दशकात ते गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या चमूत होते, हे तुम्हाला माहीत असणारच. त्याच चमूत व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम होते. मॅकलॉफलिन यांना सोडा, शंकर यांना धरा. ऐंशीच्या दशकात शंकर यांनी ईसीएम या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं केली, त्यातल्या काहींत नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक आहेत. १९८७ मध्ये याच कंपनीने झाकीर हुसेन यांचा एक अल्बम काढला. त्यात हरिप्रसाद चौरासिया, मॅकलॉफलिन आणि पुन्हा गारबारेक. आता गारबारेक यांना धरा. १९९४ मध्ये त्यांचा हिलियर्ड एन्सेम्बल या चार पुरुष आवाजांच्या इंग्लिश गायकवृंदाबरोबरचा अल्बम आला. त्या गायकांनी क्रिस्तोबाल दे मोरालेस या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संगीतकाराच्या आणि त्याहूनही जुन्या चर्चसंगीताच्या रचना गायल्या आहेत आणि त्यांच्यामधून, त्यांच्यावरून सॅक्सोफोन फिरतो. तबल्यापासून निघून मोजक्या पावलांत तुम्ही सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये पोहोचलात, आणि प्रत्येक पावलाला एक ओळखीचा आवाज सोबत होता. अनोळखी संगीत कानाला परकं वाटत नाही ते याच सोबतीमुळे.

तिथे थांबायचंही कारण नाही. त्याच गायकवृंदाने एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्ट यांच्या रचना गायल्या आहेत. पेर्ट यांच्याच संगीताने ईसीएमने १९८४ मध्ये आपली स्वरलिपीत लिहिलेल्या संगीताची वेगळी मालिका सुरू केली. ही कंपनी १९६९ मध्ये म्यूनिकला मानफ्रेड आयशर यांनी काढली आणि तिची असंख्य ध्वनिमुद्रणं ऑस्लोमध्ये यान एरिक काँगशाउग या ध्वनिमुद्रकाने केली. एखाद्या ध्वनिमुद्रणातली हवा, त्यातली जागा, सूर विरतानाचा अवकाश आवडला असेल तर वादकाऐवजी ध्वनिमुद्रकाचं नाव धरून बघा. हा रस्ता फार कमी लोक घेतात आणि तो नेहमी काहीतरी देऊन जातो.

दुसरा धागा तंतुवाद्यांचा आहे आणि तो तुम्हाला वेगळ्याच खंडात नेईल. मोहनवीणा हे गिटारवरून घडवलेलं वाद्य वाजवणारे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन स्लाइड गिटारवादक राय कूडर यांचा एकत्र अल्बम १९९३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. कूडर यांनी लगेच १९९४ मध्ये मालीचे गिटारवादक अली फार्का तुरे यांच्याबरोबर काम केलं. तुरे यांच्यावरून तुमानी जाबाते यांच्याकडे जा. ते कोरा वाजवायचे. कोरा म्हणजे भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर चामडं ताणून केलेलं २१ तारांचं वाद्य. त्या दोघांच्या एकत्र वादनात गिटार आणि कोरा एकमेकांना इतकी जागा देतात की जुगलबंदी ऐकायची सवय असलेल्या कानाला ते लगेच भिडतं. माझ्याकडे हा धागा जितक्यांनी धरला तितक्यांना पुढे पश्चिम आफ्रिकेच्या संगीताची गोडी लागली.

अशी नावं शोधायला डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ ही दोन संकेतस्थळं आहेत. डिस्कॉग्ज २००० सालापासून चालू आहे. कुठल्याही वादकाचं नाव टाकलं की त्याने कुठे, कुणाबरोबर, काय वाजवलं याची यादी मिळते. संग्राहकांनी अल्बमच्या वेष्टनांवरून पाहून पाहून भरलेली ही माहिती आहे, आणि या लोकांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. बँडकॅम्पचा उपयोग आणखी वेगळा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी कलाकाराकडून थेट संगीत विकत घेता येतं, एमपीथ्री किंवा फ्लॅकच्या स्वरूपात, आणि फाइल तुमची होते. पण माझ्या मते तिथली खरी संपत्ती खरेदीदारांची आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात आणि प्रत्येकाचा संग्रह उघडून बघता येतो. तुमचा आवडता, फारसा कुणाला माहीत नसलेला अल्बम ज्याने पैसे देऊन घेतला आहे, त्याने आणखी कशावर पैसे खर्च केले ते बघा. खूप संगीत घेणाऱ्यापेक्षा मोजकं घेणाऱ्याचा संग्रह जास्त शिकवतो.

नावांचा शोध हा एक मार्ग. दुसरा मार्ग रेडिओ. इथे माझा पक्षपात उघड आहे, तरीही सांगते, कारण निवडणारा माणूस असला की काय घडतं ते मी रोज बघते. निवेदक जॉन पील १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बीबीसी रेडिओ वनवर होते, आणि कुणी न ऐकलेल्या गटांची ध्वनिमुद्रणं ते इतर गाण्यांच्या शेजारी सहज लावायचे. असा निवेदक तुमच्या आवडीचा हिशेब ठेवत नाही. त्याला काय आवडलं ते तो सांगतो, आणि ते तुमच्यावर सोपवतो. फ्रान्सचं फिप हे केंद्र १९७१ पासून चालू आहे. तिथे जॅझ, लोकसंगीत, पाश्चात्त्य शास्त्रीय, चित्रपटसंगीत सगळं एका ओघात येतं आणि बोलणं अगदी कमी. लंडनचं एनटीएस हे ऑनलाइन केंद्र २०११ मध्ये सुरू झालं. तिथले जुने कार्यक्रम साठवलेले आहेत आणि बहुतेकांसोबत गाण्यांची यादी असते. रेडिओ गार्डन या २०१६ मधल्या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवून जगभरातली केंद्रं ऐकता येतात.

हा गोल मोहात पाडतो, म्हणून सावध करते. केंद्रामागून केंद्र बदलत राहिलात तर ती पुन्हा अंगठ्याचीच करमणूक झाली. एक निवेदक निवडा आणि त्याचा तोच कार्यक्रम चार आठवडे, पूर्ण, त्याच वेळी ऐका. त्यातलं निम्मं आवडणार नाही. न आवडलेल्याच्या शेजारी त्याने ते का ठेवलं असेल याचा विचार सुरू झाला की तुमचा कान त्याच्या कानाबरोबर चालायला लागतो. कार्यक्रमात काही आवडलं तर लगेच शोधायला उठू नका. वेळ लिहून ठेवा. नाव यादीत मिळेल, शोधाच्या तासात.

जुनं संगीतही तुमच्यासाठी नवंच आहे हे विसरू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ नावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हजारो तबकड्या ऐकण्यासाठी खुल्या केल्या. अमेरिकन लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी देशोदेशी फिरून केलेली लोकसंगीताची ध्वनिमुद्रणंही मोठ्या संख्येने ऑनलाइन मोफत ऐकता येतात. तिथे शेतकरी, कैदी, खलाशी, आजीबाई गाताना भेटतात, आणि ‘चांगला आवाज’ म्हणजे काय याची आपली व्याख्या रुंदावते.

ओळखीच्या माणसांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. ‘काहीतरी चांगलं सुचव’ म्हटलं की माणूस तुम्हाला शोभेल असं काहीतरी सुचवतो. ‘गेल्या वर्षभरात तू पुन्हा पुन्हा काय ऐकलंस?’ असं विचारा. उत्तर द्यायला तो थोडा थांबेल, आणि बऱ्याचदा जरा संकोचून खरं सांगेल. निरोपातून आलेल्या लिंक दाबू नका, नाव वहीत लिहा, आणि ऐकल्यानंतरच उत्तर पाठवा, दोन ओळींचं का होईना. ज्याला असं उत्तर मिळतं तो पुढच्या वेळी विचार करून सुचवतो.

वहीत प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहा: नाव, ते कुणाकडून किंवा कुठून कळलं, आणि ऐकल्यावर एक वाक्य. ‘छान’ लिहू नका. ‘तिसऱ्या तुकड्यात बासरी उशिरा येते’ असं लिहा. काही महिन्यांनी वही चाळताना दिसेल की अमुक एका माणसाने सुचवलेलं नेहमी टिकतं. मग त्याच्याकडे पुन्हा जा.

ऐकणं. आठवड्याला नवा अल्बम एकच. पहिल्यांदा पूर्ण, बसून, हातात काही नसताना. आवडतं की नाही हा निर्णय त्या दिवशी द्यायचा नाही. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्यांदा, आठवड्याच्या शेवटी तिसऱ्यांदा. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते. यावर कुणी म्हणेल की मग काहीही तीनदा ऐकलं तर आवडेलच, त्यात संगीताचं काय कौतुक? माझा अनुभव तसा नाही. पोकळ संगीत तिसऱ्या वेळेला आणखी पोकळ वाटतं. ज्यात काही दडलेलं असतं त्यात तिसऱ्या वेळी आधी न ऐकलेली गोष्ट सापडते, मागे चाललेला एखादा ताल, शब्दांमधला एखादा श्वास. तिसऱ्यांदा ऐकूनही काही सापडलं नाही तर प्लेअरवरून काढा आणि वाईट वाटून घेऊ नका.

काम करताना, स्वयंपाक करताना, व्यायाम करताना नवं संगीत लावू नका. तिथे ओळखीचंच लावा. ती जुनी गाणी त्यासाठीच उपयोगी आहेत. नव्याला पाठीमागे ठेवलं तर ते कायम पाठीमागेच राहतं.

काही संगीत फक्त स्ट्रीमिंगवरच मिळतं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. खातं संगणकावर ठेवायला माझी हरकत नाही. ऑटोप्ले बंद, पहिलं पान न बघता थेट नाव टाकून शोधायचं, अल्बम ऐकायचा, बंद करायचं. फोनवर ते खातं उघडायचं नाही, एवढी एकच रेघ पाळा.

सुरुवात याच आठवड्यात करा. आधी जुन्या याद्या उतरवा आणि त्यातला तुमचा सगळ्यात लाडका अल्बम काढा. त्यावरच्या वादकांची यादी डिस्कॉग्जवर वाचा आणि ज्याचं नाव तुम्ही आजवर कधी लक्षपूर्वक वाचलं नाही असा माणूस निवडा. त्याने दुसऱ्या कुणासाठी वाजवलेला एक अल्बम प्लेअरवर घ्या. तो तीनदा ऐकून झाला की तुम्ही कुठून निघालात आणि कुठे पोहोचलात ते मला कळवा; पुढचं नाव सुचवायला मला आवडेल.